‘मेल्ड’ हाती घेतलं, कारण ‘ल’ बदलला

आमच्या पक्षीनिरीक्षक गटाच्या साइटवरचा ‘ल’ बदलला आणि माझ्याशिवाय ते कुणालाच दिसलं नाही. आदल्या संध्याकाळपर्यंत दोन पाकळ्यांचा ‘ल’ होता, सकाळी दंडाचा झाला. ‘श’नेही रूप पालटलं होतं. मजकूर तोच, रंग तेच, फोटो तेच. मी पेशाने मुद्रितशोधक आहे, वीसेक वर्षं दुसऱ्यांची प्रुफं तपासतेय, त्यामुळे पान उघडलं की मजकुराआधी अक्षर दिसतं. गटातल्या एकाला म्हटलं, ‘ल बघ.’ तो म्हणाला, ‘ल मध्ये काय बघायचं?’

मग शीर्षकांकडे लक्ष गेलं. तिथे शिरोरेखा तुटलेली. प्रत्येक अक्षर आपापली रेघ डोक्यावर घेऊन शेजाऱ्यापासून केसभर लांब उभं. ओळी एवढ्या दाटल्या होत्या की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकत होते. नोंदींच्या पानावरून निरीक्षणाची तारीख गायब. पक्षीनिरीक्षकांच्या साइटवर तारीख नसलेली नोंद म्हणजे निव्वळ गप्पा. आणि डॅशबोर्डवरचा, म्हणजे साइट सांभाळायच्या आतल्या पानावरचा, ‘नोंदी’ हा अख्खा विभागच नाहीसा झाला होता.

आमची साइट वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर चालते. रात्री तिची थीम, म्हणजे साइटचं दिसणं ठरवणारा फाइलींचा संच, आपोआप अपडेट झाली होती. २०२० सालच्या ५.५ आवृत्तीपासून वर्डप्रेसमध्ये थीमचं आपोआप अपडेट एका क्लिकवर चालू करता येतं. ते आमच्याकडे कुणीतरी चालू करून ठेवलं होतं. माझ्याआधी साइट सांभाळणाऱ्या मुलाला फोन केला.

‘ताई, थीममध्ये मी थोडंसंच बदललं होतं.’

‘थोडंसं म्हणजे किती?’

‘दोन-चार ओळी असतील.’

‘कुठल्या फाइलीत?’

‘ते आता... डॅशबोर्डमधूनच केलं होतं, थीम फाइल एडिटरमध्ये.’

तेव्हा हे परीक्षण एका मोफत सॉफ्टवेअरचं असलं तरी त्यातली निम्मी जागा त्या ‘थोडंसंच’ने खाल्ली आहे. सॉफ्टवेअरचं नाव मेल्ड. दोन किंवा तीन फाइली, किंवा दोन-तीन अख्खी फोल्डर, शेजारी शेजारी लावून कुठे काय वेगळं आहे ते दाखवणं हे त्याचं काम. थीमशी त्याचा तसा काही संबंध नाही. माझ्या धंद्याशी मात्र पुरेपूर आहे, कारण पाठभेद लावायचं यंत्रच ते.

आधी झालं काय ते सांगते. वर्डप्रेस थीम अपडेट करतं तेव्हा जुन्या फाइलींत नव्या ओळी घालत बसत नाही. त्या थीमचं अख्खं फोल्डर पुसतं आणि तिथे नव्या आवृत्तीचं झिप उलगडतं. तुम्ही त्या फाइलींत एक स्वल्पविराम बदलला असेल तर तोही गेला. पोस्ट, पानं, मेनू, फोटो शाबूत राहतात, कारण ते डेटाबेसमध्ये किंवा वेगळ्या फोल्डरमध्ये असतात. कस्टमायझर म्हणजे दिसण्याच्या निवडी करायचा वर्डप्रेसचा पडदा; त्यातल्या ‘अतिरिक्त सीएसएस’च्या (दिसण्याच्या नियमांच्या) चौकोनात लिहिलेलंही वाचतं. ही सोय २०१६ मध्ये ४.७ आवृत्तीबरोबर आली आणि तीही डेटाबेसमध्येच साठते. २०२३ च्या ६.३ आवृत्तीपासून वर्डप्रेस अपडेटच्या वेळी जुनं फोल्डर तात्पुरतं बाजूला ठेवतं खरं, पण ते अपडेट मध्येच फसलं तर परत आणण्यासाठी. आमचं अपडेट कुठे फसलं होतं? ते अगदी बिनबोभाट पार पडलं होतं.

होस्टिंगच्या रोजच्या बॅकअपमधून अपडेटच्या आदल्या दिवसाचं थीमचं फोल्डर मी उतरवून घेतलं. पहिला मोह व्हायचा तोच झाला: जुनं फोल्डर जसंच्या तसं परत चढवावं आणि अपडेटचं बटण बंद करून टाकावं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी तेच करून ठेवलं होतं, हेही कबूल करते. पण अपडेटमध्ये सुरक्षेची दुरुस्ती असू शकते, नव्या वर्डप्रेसशी जुळवून घेणारे बदल असू शकतात. जुन्या आवृत्तीवर बसून राहणं म्हणजे शुद्धिपत्र बाजूला ठेवून पहिली आवृत्तीच पुन्हा छापत राहणं. आमच्या धंद्यात असं करणाऱ्याला लोक नावं ठेवतात.

म्हणून मेल्ड. लिनक्सवर ते सहज मिळतं, विंडोजसाठी त्याचा इन्स्टॉलर आहे. मॅकसाठी अधिकृत आवृत्ती नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. उघडल्यावर ते विचारतं की फाइली लावायच्या की फोल्डर, आणि खाली एक छोटा चौकोन असतो: तिहेरी तुलना हवी का. त्या चौकोनाकडे मी पहिल्या दिवशी दुर्लक्ष केलं आणि संध्याकाळ वाया घालवली.

डावीकडे आमचं बदललेलं जुनं फोल्डर आणि उजवीकडे नवं, अशी दुहेरी तुलना लावली. पडदा निळा झाला. मेल्डमध्ये वेगळी असलेली फाइल निळ्या ठळक अक्षरांत येते, एका बाजूला नसलेली फाइल करड्या रंगात मधोमध रेघ मारलेली, आणि फक्त एकाच बाजूला असलेली हिरवी. माझ्यापुढे ९४ निळ्या ओळी होत्या. एक उघडली, दुसरी उघडली, तिसरी उघडली. सगळीकडे फरक. पण हा फरक त्या मुलाने केला की थीमच्या लेखकाने नव्या आवृत्तीत केला, हे ओळखायचं कसं? दोन प्रती समोर ठेवल्या की वेगळेपण कळतं, पण कुठली प्रत मुळापासून सरकली ते कळत नाही. हे मला विसाव्या वर्षी शिकवलं होतं आणि तरी मी तिथेच अडखळले. पाठभेद लावायचे तर मूळ प्रत लागते.

मूळ प्रत म्हणजे त्या मुलाने हात लावायच्या आधीची, नेमक्या त्याच आवृत्तीची कोरी थीम. आवृत्तीचा आकडा थीमच्या स्टाइल डॉट सीएसएस फाइलीच्या डोक्यावरच्या टिपणात लिहिलेला असतो. वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहातल्या थीमच्या जुन्या आवृत्त्या तिथे जपून ठेवलेल्या असतात. नव्या झिपच्या दुव्यात आकडा बदलून जुना टाकला की जुनं झिप उतरतं. विकतची थीम असेल तर विक्रेत्याच्या खात्यात शोधायची, नसेल तर त्यांच्याकडे मागायची. ‘जवळपासची’ आवृत्ती चालत नाही. एका दशांशाने जरी वेगळी असली तरी लेखकाचे बदल तुमच्या नावावर चढतात.

कोरी जुनी आणि आमची जुनी अशी दोन फोल्डर लावली आणि वर ‘सारख्या’ फाइली लपवणारं बटण दाबलं. पडद्यावर सात ओळी उरल्या.

९४ वरून सात. मेल्डला मी पाचपैकी साडेचार तारे देते, त्यातले तीन या एका क्षणाचे आहेत.

त्या सातांतही एक फसवी निघाली. निळी दिसायची, पण उघडली तर आत फरकाची एक खूण नाही. वर मेल्डचीच सूचना होती की फरक फक्त ओळींच्या शेवटच्या खुणांचा आहे. विंडोजवर फाइल सेव्ह केली की ओळ संपल्याची खूण वेगळी पडू शकते. डोळ्याला काही दिसत नाही, संगणकाला प्रत्येक ओळ निराळी वाटते. दुसरी होती हेडर फाइलीची ‘जुनं-फायनल’ नावाची नक्कल. प्रत्येक साइटच्या पोटात अशी एक असतेच. उरल्या पाच.

हेडर फाइल आधी उघडली, आणि ‘ल’चं रहस्य तिथेच सुटलं. पानाच्या अगदी वरच्या टॅगमध्ये हे पान कुठल्या भाषेत आहे ते ब्राउझरला सांगायची एक जागा असते. आमच्या फाँटमध्ये ‘ल’ आणि ‘श’ची दोन्ही रूपं आहेत. भाषा मराठी सांगितली तर तो मराठी रूप काढतो, नाहीतर दुसरं. थीम ही भाषा वर्डप्रेसच्या सेटिंगमधून घेते आणि आमच्या सेटिंगमध्ये होती इंग्रजी, कारण त्या मुलाला डॅशबोर्ड इंग्रजीत हवा होता. मग त्याने फाइलीत जाऊन त्या जागी हाताने मराठीचा संकेत टाकला. चाललं, अपडेट येईपर्यंत चाललं.

आता गंमत अशी की या बदलाला फाइलीला हात लावायची गरजच नव्हती. साइटची भाषा मराठी करायची आणि ज्याला डॅशबोर्ड इंग्रजीत हवा त्याने आपल्या प्रोफाइलमध्ये इंग्रजी निवडायची. ही सोयसुद्धा त्याच ४.७ आवृत्तीपासून आहे. दोन क्लिक केले, पाकळ्या परत आल्या. एक पाठभेद निकाली.

इथून माझी कामाची रीत बदलली. आतापर्यंत मी ‘आमचे बदल नव्या फाइलींत परत कसे घालायचे’ असा विचार करत होते. त्याऐवजी प्रत्येक फरकाला विचारायला लागले: तू मुळात इथे का आहेस?

स्टाइल फाइलीतल्या तीसेक ओळी मराठी अक्षरांसाठीच होत्या, आणि त्यांच्यापुढे मी त्या मुलाला मनातल्या मनात दोन शिव्या कमी केल्या. मूळ थीमने शीर्षकांच्या अक्षरांत थोडं अंतर सोडलं होतं. रोमन लिपीत ते ऐटदार दिसतं, देवनागरीत शिरोरेखेचे तुकडे पडतात. त्याने ते अंतर शून्य केलं होतं. ओळींमधली जागा वाढवली होती. रफार आणि उकार दोन्ही मोकळे राहतील इतपत, फार नाही. याला नजर लागते. या ओळी खऱ्या अर्थाने दिसण्याच्या होत्या, तेव्हा त्यांची जागा चाइल्ड थीममध्ये, म्हणजे मूळ (पेरंट) थीमवर बसणाऱ्या, तिच्या अपडेटने न पुसल्या जाणाऱ्या आपल्या वेगळ्या छोट्या थीममध्ये.

फंक्शन्स फाइलीत ‘नोंदी’ हा विभाग तयार करणारा कोड होता. अपडेट झाल्यावर विभाग नाहीसा झाला तो म्हणूनच. नोंदी डेटाबेसमध्ये सुखरूप होत्या, त्यांना दाखवणारा दरवाजाच काय तो काढला गेला होता. हा कोड चाइल्ड थीममध्येही नको. उद्या थीमच बदलली तर पुन्हा हेच रडगाणं. दिसण्याशी ज्याचा संबंध नाही ते छोट्या प्लगइनमध्ये, म्हणजे वर्डप्रेसला वेगळ्या जोडायच्या तुकड्यात, टाकावं. आमचं प्लगइन चाळीस ओळींचं आहे, माझ्यासारखीला जमलं. तळाच्या फाइलीतली श्रेयाची ओळ बदलायला नव्या आवृत्तीत कस्टमायझरमध्येच जागा दिली होती, तोही प्रश्न मिटला.

राहिल्या हेडरमधला पाहणी-कोडचा (साइटवरच्या भेटी मोजणाऱ्या कोडचा) तुकडा आणि नोंदीच्या पानाची सिंगल डॉट पीएचपी, म्हणजे ती तारीख. इथे मात्र तिहेरी तुलना लावावीच लागली.

मेल्डमध्ये तिहेरी तुलना लावताना मधली जागा महत्त्वाची. मी डावीकडे आमची प्रत, मध्ये कोरी मूळ प्रत आणि उजवीकडे लेखकाची नवी प्रत ठेवली. दोन्ही बाजूंचे बदल मधल्या प्रतीत ढकलत जायचं. फटीत छोटे बाण असतात, बाण दाबला की तो तुकडा मध्ये जातो. कंट्रोल दाबून धरलं तर आधीचं न पुसता वर किंवा खाली जोडला जातो. ऑल्ट आणि वर-खालीचे बाण दाबून एका फरकावरून पुढच्यावर उडी मारता येते. जिथे फक्त एकाच बाजूने बदल केलाय तिथे विचार करायचं कारण नसतं. जिथे दोघांनीही एकाच जागी हात घातलाय तिथे तुकडा तांबडा होतो. सगळं वाचन त्या तांबड्यासाठी राखून ठेवायचं. (मधली प्रत ही मूळ प्रतीची नक्कल असू द्या. मी पहिल्या वेळी मूळ प्रतीवरच सेव्ह करून बसले आणि झिप पुन्हा उतरवलं.)

हेडर फाइलीत असा एकच तांबडा तुकडा होता. त्या मुलाने पानाचा मुख्य भाग उघडतो त्या टॅगच्या लगेच खाली पाहणी-कोड चिकटवला होता. लेखकाने नव्या आवृत्तीत नेमक्या त्याच ठिकाणी एक ओळ घातली होती. २०१९ च्या ५.२ आवृत्तीत वर्डप्रेसने याच जागेसाठी एक हूक दिला, म्हणजे थीमच्या फाइलीला हात न लावता तिथे काहीही अडकवता येईल अशी खुंटी. लेखकाने ती खुंटी ठोकली होती. म्हणजे आमच्या तुकड्याला हवी होती तीच जागा त्याने रीतसर करून दिली होती, आणि मी नव्या थीममध्ये आमची जुनी हेडर फाइल टाकली असती तर ती खुंटी उपटून टाकली असती. पाहणी-कोड मी त्या खुंटीला अडकवला. हेडर फाइलीत आमचं काहीही उरलं नाही.

पाच फाइलींतून शेवटी टेम्पलेट, म्हणजे पानाचा साचा, म्हणून एकच नक्कल करावी लागली: सिंगल डॉट पीएचपी. आमची चाइल्ड थीम म्हणजे एक स्टाइल फाइल, एक फंक्शन्स फाइल आणि ही एक.

चाइल्ड थीमबद्दल सगळीकडे इतकं गोड बोललं जातं की मी थोडं कडू बोलून घेते. ती करणं सोपं आहे: वेगळं फोल्डर, त्यात स्टाइल फाइल आणि तिच्या डोक्यावरच्या टिपणात पेरंट थीमच्या फोल्डरचं नाव. थीमचं नाव नव्हे, फोल्डरचं, अक्षर न् अक्षर तसंच. इथवर ठीक. पण टेम्पलेट फाइली आणि फंक्शन्स फाइल यांना एकच नियम लागू नाही. चाइल्डमध्ये सिंगल डॉट पीएचपी ठेवली की ती पेरंटच्या फाइलीऐवजी वापरली जाते. फंक्शन्स फाइल मात्र दोन्हीकडची चालते, आणि चाइल्डची आधी. मला हे माहीत नव्हतं. मी पेरंटची फंक्शन्स फाइल उचलून जशीच्या तशी चाइल्डमध्ये ठेवली, म्हणजे एकच फंक्शन दोनदा जाहीर झालं, आणि साइटच्या जागी ‘गंभीर त्रुटी’ची पांढरी पाटी आली. नशीब, हे सगळं साइटच्या स्टेजिंग नकलेवर, म्हणजे चाचणीसाठी ठेवलेल्या वेगळ्या प्रतीवर, चाललं होतं. थेट साइटवर झालं असतं तरी ५.२ पासून वर्डप्रेस अशा वेळी व्यवस्थापकाला ईमेल पाठवतं आणि त्यातल्या दुव्यावरून आत शिरून बिघडलेली थीम थांबवता येते. पण तो ईमेल कुणाच्या पत्त्यावर जातो ते एकदा तपासा. आमच्याकडे तो त्या मुलाच्या बंद पडलेल्या पत्त्यावर जात होता.

दुसरा धक्का चाइल्ड थीम चालू केल्यावर बसतो. लोगो गेला, अतिरिक्त सीएसएसचा चौकोन रिकामा. मी दोन मिनिटं खुर्चीत नुसती बसून राहिले. गेलं काहीच नव्हतं. कस्टमायझरमधल्या निवडी वर्डप्रेस प्रत्येक थीमच्या नावाने वेगळ्या साठवतं, आणि चाइल्ड ही त्याच्या लेखी वेगळी थीम. पेरंट पुन्हा चालू केली की सगळं जागच्या जागी दिसतं. ‘चाइल्ड थीम कॉन्फिगरेटर’ नावाच्या प्लगइनमध्ये चाइल्ड तयार करतानाच मेनू, विजेट आणि कस्टमायझरच्या निवडी तिकडून इकडे उतरवायचा पर्याय आहे. मला तो नंतर सापडला, मी सगळं हाताने लावलं. शहाण्याने आधी शोधावा.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यामुळे मेल्ड माझ्या संगणकावर कायमचं राहिलं. चाइल्डमध्ये नक्कल केलेलं टेम्पलेट त्या दिवशी गोठतं. पेरंटच्या त्याच फाइलीत लेखकाने पुढे कितीही सुधारणा केल्या तरी साइट तुमची गोठलेली नक्कलच वापरते, आणि कुणी सांगतही नाही. वूकॉमर्स हे दुकान चालवायचं प्लगइन एवढं करतं की तुमच्या थीममध्ये त्याच्या टेम्पलेटची जुनी नक्कल पडून असेल तर स्थितीच्या पानावर आवृत्तीच्या आकड्यासकट दाखवतं. साध्या थीमला अशी सोय नाही. म्हणजे बदल पुसले जाण्याची भीती जाते आणि बदल जुने पडत जाण्याची येते. पहिली आरडाओरडा करते, दुसरी गप्प असते.

ब्लॉक थीम, म्हणजे जिची पानं डॅशबोर्डमधल्या साइट एडिटरमध्येच रचता येतात अशी नव्या धर्तीची थीम, वापरणाऱ्यांना वाटेल आपण सुटलो. २०२२ च्या ५.९ पासून साइट एडिटरमध्ये केलेले बदल डेटाबेसमध्ये जातात, अपडेट त्यांना शिवत नाही, हे खरंच. पण तुम्ही साइट एडिटरमधून एकदा बदललेलं टेम्पलेट डेटाबेसमधूनच दिसत राहतं, फाइलीत लेखकाने काय सुधारलं ते झाकलं जातं. गोठणं तेच, जागा निराळी.

मेल्डचा अर्धा तारा का कापला तेही सांगते. ते फक्त संगणकावरची फोल्डर बघतं. साइटवरच्या फाइली आधी उतरवून घ्याव्या लागतात, चढवायचं कामही आपलंच. ओळींची तुलना हा त्याचा पाया, त्यामुळे दाबून एकाच लांबलचक ओळीत बसवलेली सीएसएस फाइल समोर आली की ते हतबल होतं. अशा वेळी मोकळी, न दाबलेली प्रत शोधायची. आणि कोडचा अर्थ त्याला कळत नाही. तुकडा कुठे ढकलला म्हणजे कंस उघडा राहील, हे आपल्यालाच बघावं लागतं. प्रूफ वाचणाऱ्याला याचं विशेष वाटत नाही. आम्हीही अर्थाची जबाबदारी लेखकावर टाकून अक्षरंच बघतो, निदान तसं सांगतो.

विंडोजवर विनमर्ज आहे, तेही मोफत आणि याच जातीचं. ज्यांना गिट, म्हणजे फाइलींच्या आवृत्त्या जपणारं सॉफ्टवेअर, येतं त्यांनी मला हसावं: कोऱ्या थीमची एक शाखा, आपल्या बदलांची दुसरी, नवी आवृत्ती आली की कोऱ्या शाखेत टाकून आपल्या शाखेत मर्ज, म्हणजे मिसळायची. तीच तिहेरी तुलना, फक्त बिनतांबडे तुकडे ते स्वतःच जोडून टाकतं. मला प्रत्येक तुकडा डोळ्याखालून घालायला आवडतं. दोष म्हणा हवं तर.

आता माझ्याकडे ‘मूळ प्रती’ नावाचं फोल्डर आहे. थीमची प्रत्येक आवृत्ती त्यात कोऱ्या झिपच्या रूपात आकड्यासह पडते. आपोआप अपडेट बंद केलंय. नवी आवृत्ती आली की आधीची कोरी आणि नवी कोरी मेल्डमध्ये लावते, ‘सारख्या’ लपवते आणि एकाच फाइलीकडे बघते. सिंगल डॉट पीएचपी निळी नसेल तर बिनधास्त अपडेट. निळी असेल तर आमची नक्कल तिसरी लावते. आतापर्यंत चार अपडेट झाली आणि एकदाच निळी आली. दोन ओळींचा बदल होता: शीर्षक पानावर छापण्याआधी त्यातली धोक्याची चिन्हं निष्प्रभ करण्याची काळजी लेखकाने घेतली होती. त्या दोन ओळी आमच्या नकलेत ढकलल्या, स्टेजिंगवर पाहिलं, चढवलं. वीस मिनिटं, त्यातली दहा पासवर्ड शोधण्यात.

गेल्या अपडेटला मात्र नवंच दिसलं. प्रत्येक नोंदीखाली ‘प्रतिक्रीया’ असं दीर्घ ‘क्री’चं बटण आलंय. थीमच्या मराठी भाषांतरातली चूक. हात शिवशिवला, भाषांतराची फाइल उघडलीसुद्धा. मग आठवलं की ती फाइलही पुढच्या अपडेटला अशीच पुसली जाणार. वर्डप्रेसच्या भाषांतराच्या साइटवर खातं काढलं, ती ओळ शोधली आणि ऱ्हस्व ‘क्रि’ सुचवला. सूचना मंजुरीच्या रांगेत आहे. तोवर रोज सकाळी ती दीर्घ वेलांटी बघतेय.